जुना फ्लॅट घेताय? आधी काँक्रीट बघा

सांगलीत विश्रामबागला जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून इसार द्यायची घाई करू नका. आतला नवा रंग आणि टाइल्स बघून काहीच कळत नाही. पार्किंगमध्ये जा, गच्चीवर जा, जिन्याखाली वाकून बघा. कॉलमच्या कोपऱ्यात सळईच्या रेषेत गेलेली उभी चीर, तांबूस डाग, ठोकल्यावर बद्द वाजणारा भाग दिसला, तर आत सळई गंजून फुगली असण्याची दाट शक्यता. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना मात्र सहसा घाबरायचं कारण नाही. आणि २००५, २०१९च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचाराच.

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत भक्कम, हा समज डोक्यातून काढून टाका. बँकेचा व्हॅल्युअर किंमत काढतो, काँक्रीट फोडून बघत नाही. त्यानं इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी धरलं, तर मुदत घटते आणि हप्ता वाढतो.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. नसेल तर स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. तो काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन हे अल्कली असेल तर गुलाबी होणारं रसायन शिंपडेल. काँक्रीट गुलाबी झालं तर सळईला अल्कलीपणाचं संरक्षण आहे. सळईपर्यंत रंगच आला नाही, तर गंज रोखणारा अल्कलीपणा संपलाय.

इसारपावतीत अट घाला: अहवाल वाईट आला तर इसार परत.