पालेभाजी मिठाच्या पाण्यात ठेवली की जंतांची अंडी मरतात का?

नाही. मिठाच्या पाण्यानं दिसणाऱ्या अळ्या निघतात आणि आपल्याला भाजी धुतल्याचं समाधान मिळतं. जंताच्या अंड्याचं कवच मिठाला दाद देत नाही, व्हिनेगरवरही भरवसा नको. अंडं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे 'मी भाजी नीट निवडून घेते' यालाही अर्थ नाही.

२०१६ साली दाढी करता करता ह्यांचा उजवा हात उडायला लागला आणि हे बेसिनपाशीच कोसळले. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, सासूबाईंनी दृष्ट काढली. एमआरआयमध्ये मेंदूत एक गोल कडं, आत ठिपका. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या मांसातल्या टेपवर्मची, म्हणजे पट्टीसारख्या लांब जंताची अळी आहे. आमचं घर माळकरी! सासूबाई तिथंच रडायला लागल्या. आणि जाऊबाई पॅसेजमध्ये कुजबुजल्या, "हॉस्टेलला असताना काय काय खाल्लं, कोण बघायला गेलंय?"

तर जाऊबाई, ऐका. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाल्लं की टेपवर्म वाढतो तो आतड्यात, डोक्यात नाही. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मग उघड्यावरची घाण, नाल्याचं पाणी, त्यावर पिकलेला पालक, असं करत ती तिसऱ्याच माणसाच्या पोटात जातात. तिथं अंड्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते. त्या तिसऱ्यानं जन्मात कोंबडीचं अंडंही खाल्लेलं नसू शकतं.

ह्यांना अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध, स्टेरॉइड आणि दोन वर्षं फिट्सच्या गोळ्या चालल्या. दोन वर्षं गाडी बंद. घरोघरी सांगितलं गेलं ते मात्र 'कोबीतला किडा डोक्यात गेला', म्हणजे कोबी चिरणारी मी. कोबीतली हिरवी अळी वेगळी, ती कढईतच मरते.

तुमच्यासाठी एवढंच: चिरण्याआधी जुडी सोडा, पान न् पान वाहत्या नळाखाली चोळा, मग शिजवा. शिजवल्यावर अंडं टिकत नाही. घोळ होतो तो कच्च्या खाण्यात, कोशिंबिरीत, पानं लावलेल्या सँडविचात.

आता खरं सांगायचं तर, ह्यांना भाजीतूनच झालं हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पोटात टेपवर्म असलेल्या आचाऱ्याच्या न धुतलेल्या हातातूनही होतं. आणि ज्याच्या पोटात टेपवर्म आहे त्याला स्वतःच्याच अंड्यांपासूनही होऊ शकतं, पण हे वाक्य जाऊबाईंपर्यंत पोचवू नका.

त्यांच्याकडे तेव्हापासून कोबी बंद आहे. पोह्यांवर कोथिंबीर मात्र मूठभर, पिशवीतून काढली की थेट.