हलशीची दोन गर्भगृहं, वडगावचा माग आणि तुमचा प्रबंध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, गाइडनी ‘वास्तू आणि तिचा सांस्कृतिक अर्थ’ यावर काहीतरी करा म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही ‘बेळगाव जिल्ह्यातील मंदिरांमधील प्रतीके’ हा विषय धरून बसलाय. सुरुवात कुठून करू, असं विचारताय.

आधी तो विषय सोडा. जिल्हा केवढा, देवळं किती! शिवाय कमळ म्हणजे पावित्र्य, शिखर म्हणजे मेरू, उंबरा म्हणजे अमुक, हे सगळं हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहून होतं. त्यासाठी खानापूरची बससुद्धा पकडायला लागत नाही. परीक्षक मग नेमकं तिथंच धरतो: हे तुम्हाला इमारतीनं सांगितलं की पुस्तकानं?

खानापूर तालुक्यातलं हलशी घ्या. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गर्भगृहं समोरासमोर आहेत. बघितल्याबरोबर कुणालाही सुचतं की दोन अवतार एकमेकांचा तोल साधतायत. ऐकायला छान आहे. पण शिलालेखांतल्या नोंदींप्रमाणे नरसिंहाचं देऊळ 1169 चं, गोव्याच्या कदंब घराण्यातला राजा शिवचित्त पेर्माडी याच्या काळातलं. आणि वराहाची स्थापना 1186-87 ची, विजयादित्याच्या वेळची. मधे सतराएक वर्षं गेली. मग समोरासमोरची मांडणी पहिल्यापासून मनात होती, की दुसरा देव मागाहून बसवताना ती सुचली? जोत्याचे थर दोन्हीकडं एका पातळीत आहेत का, खांबांची मापं जुळतात का, छताच्या शिळांचा सांधा कुठं तुटतो, हे टेप लावून बघायला लागतं. माझ्या मते एवढ्यावरच एक प्रबंध उभा राहतो.

प्रतीकं खोटी असतात असं मी म्हणत नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, साल 1204. मंडपाच्या छतातलं ते लोंबतं कमळ बघून सगळे मान वर करून उभे राहतात. त्याच्या 72 पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, असं सांगतात. हा अर्थ टिकतो, कारण त्याला जैन परंपरेतला हिशेब आहे. ‘पावित्र्य’ म्हटलं तर ते कुठल्याही कमळाला चिकटवता येतं. आणि तेवढ्यावर थांबू नका. या बस्तीचे जुन्या कानडीतले लेख दानाचे आहेत, त्यात जमीन आहे, व्यापारी मालावरचा कर आहे. हे कमळ उभं करायला आणि पुढं रोजची पूजा चालवायला वेणुग्रामच्या, म्हणजे तेव्हाच्या बेळगावच्या, बाजारपेठेतला पैसा लागला. हाही सांस्कृतिक अर्थच की. फक्त तो मान वर करून दिसत नाही.

आता आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. ‘हे देऊळ मराठी की कानडी’ यात पडू नका. बाराव्या शतकातल्या दगडाला 1956 च्या भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न विचारून उपयोग नाही. अभ्यासकसुद्धा घराण्याच्या नावानं शैली ठरवत आलेत: कझिन्स यांनी 1926 मध्ये कानडी जिल्ह्यांतली देवळं ‘चालुक्य’ या नावाखाली घातली, मोराईस यांनी 1931 मध्ये कदंबांचं वेगळं पुस्तक केलं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराला ‘कदंब’ नाव रूढ झालं. पण राजा काही छिन्नी धरत नव्हता. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण देऊळ याच शिवचित्ताच्या राणीचं, कमलादेवीचं. तिथं शिल्पकाराचं नाव लेखात आलंय, तिप्पोज. तिप्पोजाची पद्धत शोधा की! घराण्यापेक्षा कारागिराच्या मागानं गेलात तर हाताला जास्त लागेल.

देवळं नकोच असतील तर घरं घ्या, मला तर तीच जास्त आवडतात. खानापूर-जांबोटीकडं जांभ्याच्या भिंती आणि उतरतं कौल, अथणीकडं सपाट माळवद. हे पावसानं ठरवलं, त्यात फार अर्थ शोधू नका. पण बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरचं विणकराचं घर वेगळं आहे. हातमाग खड्ड्यात. विणकर काठावर बसतो, पाय खाली पावट्यांवर, आणि जमिनीतल्या ओलीनं सूत कमी तुटतं. ताणा पसरायला लांबी पाहिजे, धोट्यावर उजेड पाहिजे, म्हणजे खिडकी कुठं हे मागानं ठरवलं. देव, चूल, झोपायची जागा हे सगळं उरलेल्या जागेत. पुढं यंत्रमाग आला, खड्डा बुजला, आवाज आला. तो आवाज कुणाच्या झोपेवर, कुणाच्या अभ्यासावर पडला, आणि बायकांची कांडी भरायची जागा सोप्यातून कुठं सरकली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दहा घरांचे नकाशे, प्रत्येकात माग आधी कुठं होता आणि आता तिथं काय आहे, एवढंच काढा.

कागदांचं म्हणाल तर 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि शहापूर तर सांगली संस्थानात. त्यामुळं शहापूरचे जुने कागद बेळगावच्या कचेरीतच असतील असं धरून चालू नका. मोडी वाचणारं कुणीतरी आत्तापासून गाठून ठेवा. लेखांसाठी जुनी कानडी लागेल, त्याला धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेत विचारा. मराठी मुलगा तिथं गेला तर कसं, ही शंका मनात आणू नका, लेख वाचायला आलेल्याला तिथं जात विचारत नाहीत नि भाषाही.

हलशी ठरवलीत तर आधी मंडपाचा नकाशा काढून इथं टाका. सांध्यांचे फोटो जवळून, शेजारी पट्टी ठेवून.