घाटातला पाऊस आणि लेन्सवरचे थेंब

प्रश्न : मागच्या रविवारी ताम्हिणीला गेलो होतो, १०-१८ मिमीची वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स होती. मित्राने छत्री धरलेली तरी प्रत्येक फोटोत दोन-चार गोल डाग, रुमालाने पुसलं तर अजूनच फासलं. लेन्सपुढे लावायची काच, म्हणजे पाणी न चिकटणारा यूव्ही फिल्टर, मिळतो तो घेऊ का?
- एक वाचक, चिंचवड

उत्तर : फिल्टरचं नंतर, आधी वारा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात पाऊस सरळ वरून कुठे पडतो, कोकणातून आलेला वारा कड्याला आपटून वर चढतो आणि थेंबही सोबत घेऊन येतो, नाणेघाटात तर धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, तिथे बिचारी छत्री काय करणार. दरीकडे तोंड करून उभे राहिलात की थेंब बसलाच म्हणून समजा. वाऱ्याकडे पाठ करून ज्या फ्रेम मिळतात त्या आधी घ्या, ओले कातळ, धबधबे, झाडी त्या बाजूलाही असतंच की!

दुसरं म्हणजे लेन्स. वाइड लेन्सचं हूड, म्हणजे पुढे लावायची कड, उथळ असतं, खोल केलं तर तेच फोटोच्या कोपऱ्यात दिसेल, आणि त्यात आपण एफ ११ किंवा १६ लावतो, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करतो, मग काचेवरचा थेंब जास्तच ठसठशीत दिसतो. छिद्र मोठं ठेवून एफ ५.६ ला तोच थेंब पसरट, फिका होतो. माझं विचाराल तर अशा दिवशी ५५-२५० सारखी, लांबचं जवळ आणणारी लेन्स न्या, तिचं हूड खोल असतं, चुकून थेंब बसलाच तर डाग सहसा दिसत नाही, फोटो थोडा धुरकट येतो इतकंच, आणि ढगात अर्धे बुडालेले डोंगर तिच्यातूनच भारी दिसतात. वाइडच हवी असेल तर हूड लावा, सेटिंग आधी करून ठेवा, तोवर लेन्स जमिनीकडे आणि कॅप लावलेली, मग कॅप काढायची, दोन-तीन फोटो, की परत खाली. स्क्रीनवर झूम करून बघत जा, नाहीतर डाग घरी गेल्यावर दिसतात.

रुमाल मात्र विसरा. त्याला घाम, तेल लागलेलं असतं. मायक्रोफायबरची चार-पाच फडकी झिपच्या पिशवीत कोरडी ठेवा, एक ओलं झालं की ते बाद, दुसरं काढा. आधी रबरी ब्लोअरने थेंब उडवायचा, उरलेलं टिपायचं, घासायचं नाही.

आता फिल्टर. घ्या, वाईट नाही, पण त्याने थेंब बसायचा थांबत नाही, फक्त गोळा होऊन फुंकर मारली की पटकन घसरतो. बारीक भुरभुर असेल तर ते कण इतके हलके की तसेच चिकटून राहतात. गाडीच्या काचेला लावायचं लिक्विड मात्र लेन्सला चुकूनही लावू नका, काचेवरच्या कोटिंगची वाट लागेल. जहाजांवर गरगर फिरणारी गोल काच असते ना, पाणी बाहेर फेकणारी, सिनेमावाले कॅमेऱ्यापुढे तशीच लावतात, पण ती काही तुम्ही बाइकवर घेऊन फिरणार नाही :)

प्रश्न : गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते.

उत्तर : एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा बसते, पुसून काय होणार. पोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा, किंवा कॅमेरा बंद झिपच्या पिशवीत ठेवून पिशवीसकट गाडीबाहेर काढा आणि तेवढ्यात चहा घ्या. तोवर लेन्स बदलायची नाही, नाहीतर वाफ आत सेन्सरवर धरेल.