कोकणात जलरंग शिकताना

आर्ट स्कूलला गेलो नाही म्हणून मागे पडलो, हे आधी डोक्यातून काढ. कोकणात खरी अडचण आहे ती दमट हवेची.

पावसाळ्यात साधा ड्रॉइंग पेपर टिकत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार) कॉटन कागद घे आणि चारही बाजूंनी बोर्डाला टेपने चिकटव. पहिला थर वरून सुकलेला दिसतो, आत ओलाच असतो. त्यावर घाईने दुसरा हात फिरवलास की खालचा रंग उचलला जातो आणि सगळं गढूळ होतं. हाताची पालथी बाजू कागदाला हलकेच लावून बघ. गार लागला तर थांब. उरलेले कागद सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेव, नाहीतर सायझिंग (कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया) बिघडतं आणि कागद टीपकागदासारखा रंग पितो.

जांभ्याच्या भिंतीला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग, सावलीला त्यातच थोडा अल्ट्रामरीन निळा. काळा अजिबात नको, दगड निर्जीव दिसतो. माडाचा हिरवाही ट्यूबमधून थेट लावू नकोस. पिवळा-निळा मिसळून कर.

बघायचंच तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला बघ, तिची ठाम बाह्यरेषा हाताने उतरवून काढ. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते बघ. एवढ्याशा गोल पत्त्यावर विष्णूचा अख्खा अवतार कसा बसवलाय, ते खरंच शिकण्यासारखं आहे.

विकायच्या चित्राला माऊंट, म्हणजे चित्र आणि काचेत अंतर ठेवणारी जाड कागदाची चौकट, हवाच. चित्र काचेला टेकलं की ओल धरते, बुरशी येते. किमतीत कागद, रंग, फ्रेम आणि तुझे तासही धर.