तुर्कांच्या कैदेत गेलेल्या मराठा शिपायाच्या वाट्याला काय आले?

आपले पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) ‘कुत’ या गावी पकडले गेले आणि परत आले नाहीत, एवढेच आपल्या घरात ठाऊक आहे. त्यांचे पुढे काय झाले असेल, असे आपण विचारले आहे. त्यांच्या एकट्याची हकीकत मला सांगता येणार नाही, परंतु या मोहिमेविषयी मी जे वाचले आहे त्यावरून त्यांच्या पलटणीची वाट बरीचशी स्पष्ट दिसते.

ही पलटण सहाव्या, म्हणजेच पुणे डिव्हिजनमध्ये (अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेत) होती. १०३ वी आणि ११७ वी या आणखी दोन मराठा पलटणीही त्यातच होत्या, त्यामुळे महिना अकरा रुपये पगारावर भरती झालेली सातारा-रत्नागिरीकडची पुष्कळ मुले टायग्रिस नदीच्या काठी जाऊन पोहोचली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी हानी सोसून या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याची फौज मागे फिरली, आणि कुत येथे नदीच्या वळणात अडकली. ७ डिसेंबरला पडलेला तुर्कांचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनेच संपला.

वेढ्यातली लढाई मी थोडक्यात सोडून देतो, कारण शिपायाला खरे ग्रासले ते उपासमारीने. रसद आटू लागली तेव्हा घोड्यांचे आणि खेचरांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती तारेने मागवून घेण्यात आली, पण गावी परतल्यावर आपल्याला पंगतीत कोण बसू देईल, ही धास्ती तारेने कशी जाणार? काही इंग्रज अधिकाऱ्यांनी याला निव्वळ हट्ट म्हटले. मला ते अन्यायाचे वाटते, कारण जातीबाहेर टाकले जाण्याची शिक्षा त्या अधिकाऱ्यांना भोगायची नव्हती. ताज्या भाजीपाल्याअभावी स्कर्व्ही (हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग) पसरला, तेव्हा शिपाई रानपाला खुडून शिजवू लागले आणि त्यातला काही विषारी निघाला. विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली, त्यांतली काही नदीतच पडली. अखेरीस माणशी दिवसाला चार औंस पीठ मिळत होते, म्हणजे जेमतेम एक-दोन भाकऱ्यांपुरते.

शरणागतीनंतर कैद्यांना प्रथम नदीच्या वरच्या अंगाला शुमरान येथे नेण्यात आले. तिथे तुर्कांनी दिलेली दगडासारखी कडक, कोंड्याची बिस्किटे रिकाम्या पोटांना सोसली नाहीत आणि जुलाबाने माणसे पटापट गेली. भुकेपोटी काहींनी पायांतले बूटच खजूर-रोटीच्या बदल्यात देऊन टाकले, आणि त्यानंतर बगदादपर्यंतची मजल उन्हातान्हात अनवाणी मारली. बगदादहून समारापर्यंत आगगाडी होती. तिथून मोसुल आणि निसिबिनवरून रास अल-ऐनपर्यंत (आजच्या सीरियात) पुन्हा पायपीट. अधिकाऱ्यांना आधीच वेगळे काढले होते, त्यामुळे शिपायांच्या बाजूने बोलणारे फारसे कोणी उरले नव्हते. टाउनशेंड यांनी मात्र युद्धाचा उरलेला काळ इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात काढला.

आपले पणजोबा वाटेत गेले नसतील, तर ते रास अल-ऐन येथे पोहोचले असण्याची शक्यता बरीच आहे, कारण बगदाद रेल्वेच्या कामावर हिंदी कैदी मोठ्या संख्येने तिथेच ठेवले होते. माती खणणे, भराव घालणे, रूळ टाकणे हे काम. अंगावर चिंध्या, हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि टायफस, म्हणजे उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप. हद्दपार करून मृत्यूच्या तोंडी दिलेल्या आर्मेनियन लोकांचे तांडेही याच परिसरात होते. मुसलमान शिपायांना वेगळे काढून, आपल्या बाजूला वळवण्यासाठी तुर्क काहीसे बरे वागवत.

कैदेत गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक मेले. हिंदी शिपायांचे प्रमाण त्याहून कमी दिसते. परंतु त्यांच्याबाबतीत सुमारे १,३०० मृत्यूंची नोंद झाली आणि आणखी हजाराहून अधिक जणांचा ठावठिकाणाच लागला नाही, म्हणून या तुलनेवर मी फार भिस्त ठेवणार नाही.

शोध घ्यायचा असल्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत ‘बसरा स्मारक’ या शीर्षकाखाली पाहावे. त्या स्मारकाच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांचा केवळ आकडा, मात्र नोंदवहीत शिपायांची नावे आहेत, आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही सापडतो. इंग्रज कारकुनांनी मराठी नावे ऐकू आली तशी लिहिली असल्यामुळे आडनावापेक्षा पलटण आणि गाव यांवरून शोधणे अधिक फलदायी ठरते.