वरचं व्हेरिअंट की खालचं हायब्रिड?

प्रश्न : आम्ही टिळकवाडीत राहतो. माझी शाळा खानापूर भागात, त्यामुळे रोज पन्नासेक किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून मुलाकडं पणजीला जातो. टोयोटा हायरायडर घ्यायचं ठरतंय. बजेटमध्ये दोन गाड्या बसतात : माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकचं सगळ्यात वरचं व्हेरिअंट, नाहीतर स्ट्राँग हायब्रिडचं खालचं. मुलीला सनरूफ पाहिजे, मिस्टरांना मोठा स्क्रीन आणि चारी बाजूंचा कॅमेरा. सासूबाई मागं बसतात, त्यांचे गुडघे दुखतात. कोल्हापूरचे दीर म्हणतात, गाडी तिकडंच घ्या, टॅक्स वाचतो. काय करावं?
— एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात सगळ्यांच्या मागण्या आहेत, फक्त तुमची नाही. आणि गाडी रोज चालवणार तुम्ही!

माझं मत सरळ आहे : खालचं का असेना, स्ट्राँग हायब्रिड घ्या. माइल्डमध्ये विजेची मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, स्ट्राँगमध्ये गाडी थोडा वेळ नुसत्या मोटरवरही चालते. लोक याचा हिशेब फक्त ॲव्हरेजवर करतात. कागदावर लिटरमागं स्ट्राँग 27.97 किलोमीटर, माइल्ड 21च्या आतबाहेर. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर साधारण बारा लिटर पेट्रोल वाचतं. पण ही आदर्श स्थितीतली गणितं. खानापूरच्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगात गाडी धावली की हा फरक बराच घटतो. गावातल्या गर्दीत मात्र चांगलाच जाणवतो.

खरा आराम वेगळाच आहे, आणि तो व्हेरिअंटच्या यादीत छापत नाहीत. मे महिन्यात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलात, समजा. माइल्ड हायब्रिडचं इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, कारण तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. मग झोत कोमट होतो, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होतं. स्ट्राँगमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद, थरथर नाही, आणि सासूबाईंना मागं गार हवा चालूच. बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं, तेवढंच.

घाटाचं मात्र ऐकून ठेवा. चोर्ला उतरताना बॅटरी भरते, पण ती आहे जेमतेम पाऊण युनिटची. थोड्या उतारातच भरते, त्यानंतर गाडी इंजिनानं रोखावी लागते. म्हणून उतारावर गियर ‘बी’मध्ये, म्हणजे इंजिनानं वेग रोखणाऱ्या खाचेत टाका, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. परत येताना चढावर हे तीन सिलिंडरचं इंजिन ओरडतं. ज्याला गाडीत शांतपणे गाणी ऐकायची आहेत, त्याला तेवढं टोचेल.

आता सनरूफ. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात ते उघडणार कधी? उन्हाळ्यात त्यातून ऊन तापवतं, वर मागच्या सीटवर डोक्यावरची जागाही कमी होते. मुलगी चार दिवस रुसेल. मोठा स्क्रीन आणि कॅमेरा बाहेरून बसवता येतो, पण तो कंपनीच्या डीलरकडूनच बसवून घ्या. हायब्रिडमध्ये नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या असतात. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं त्यांत हात घालू नये. हवा खेळवणाऱ्या सीटा वरच्या हायब्रिडमध्ये मिळतात, पण पुढच्याच दोन. सासूबाईंना काय उपयोग? मागचे एसीचे झोत खालच्यातही आहेत. सहा एअरबॅगा 2025 पासून सगळ्या व्हेरिअंटना आहेत.

सासूबाईंना शोरूमला घेऊन जाच. चार वेळा चढायला-उतरायला लावा. डिकीही बघा : बॅटरी तिथंच असल्यानं जागा कमी मिळते, त्यांचा वॉकर बसतो का ते घडी घालून आत ठेवूनच पाहा. चाचणी फेरीलाही गाडी रेल्वे गेटाकडंच न्या, मोकळ्या रस्त्यावर कुठलीही गाडी गोडच वाटते.

आणखी एक. आपल्याकडं कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीवर आजीवन कर सतरा टक्के, वर उपकर. म्हणजे सोयींसाठी वाढवलेल्या लाखामागं सतरा हजारांहून जास्त कर, शिवाय वाढलेला विमा. दिरांचं म्हणणं आकड्यांत बरोबर आहे, महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के. पण कोल्हापूरचा एमएच-09 नंबर लावून ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवली, की कायद्यानं इथला नंबर घ्यावा लागतो. मग इथला कर भरायचा आणि तिकडचा परतावा मिळवायला कोल्हापूरच्या चकरा मारायच्या. तुमची गाडी रोज खानापूरलाच फिरणार. बेळगावचा केए-22च लावा.