ओल्या गालाकडे आधी बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन वासरांचे डोळे आले असून त्यांतील एकाच्या डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेले पाहून तू धास्तावलास, आणि आता दिवसातून चार वेळा त्याच एका वासराला धरून मलम भरतोस, असे लिहिले आहेस. धास्ती मी समजू शकतो. पण माझे ऐकशील तर त्या वासराला आज जरा मोकळे सोड आणि उरलेल्या कळपाकडे बघ, कारण औषधाची खरी गरज तिथे आहे.

हा रोग मुख्यतः मोराक्सेला बोव्हिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी तो बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला चिकटतो आणि स्वतःच्या विषाने तिथल्या पेशी मारतो. लागण झाल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत डोळ्यातून पाणी गळू लागते आणि उजेड सोसवत नाही. मग पटलाच्या साधारण मध्यावर बारीक व्रण पडतो, भोवती धूसरपणा येतो, आणि नंतर कडेकडून रक्तवाहिन्या आत सरकू लागल्या की डोळा गुलाबी-लाल दिसतो. पुष्कळजण इथेच घाबरतात, पण त्या वाहिन्या बहुधा डागडुजीसाठी आलेल्या असतात. शेवटी उरतो तो पांढरा वण. या साऱ्याला तीन ते पाच आठवडे लागतात. प्रतिजैविक जिवाणू मारते, वण पुसत नाही. म्हणून गाल कोरडा आणि डोळा पूर्ण उघडा असलेल्या वासराच्या पांढऱ्या ठिपक्यावर मलम भरत राहणे म्हणजे औषध आणि वासराची सहनशक्ती दोन्ही वाया घालवणे होय.

उलट, ज्याचा गाल ओला आहे ते आजच शोध. सकाळी जनावरे उठवण्यापूर्वी सूर्य पाठीशी घेऊन त्यांच्या समोरून सावकाश चाल. अर्धवट मिटलेली एखादी पापणी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली उतरलेली ओली रेघ, तिच्यावर बसलेली धूळ आणि त्या रेघेवर दाटीने बसलेल्या माश्या, एवढे दिसले की ते जनावर बाजूला काढ. मागून कळप हाकताना हे कधीच दिसत नाही.

बाजूला काढल्यावर लगेच सुई टोचू नकोस. मोरखी धरून डोके वळव आणि तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पडद्याच्या, मागे कुसळ अडकले आहे का ते पाहा. ते सापडले तर निम्मे काम तिथेच झाले. फ्लुओरेसीन या रंगद्रव्याची पट्टी ओली करून डोळ्याला लावली की व्रणाची जागा हिरवी चमकते आणि मग अंदाज बांधावा लागत नाही. पांढरेपणा मध्याऐवजी कडेपासून सुरू झाला असेल, सोबत ताप किंवा नाकातून स्राव असेल, तर तो वेगळाच आजार असू शकतो. तेव्हा पशुवैद्याला बोलावण्यात एक दिवसही घालवू नये.

औषधाचा निर्णय पशुवैद्यानेच घ्यावा. बहुधा ते दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, किलो वजनामागे 20 मिलिग्रॅम या मात्रेत देतात आणि गरज वाटल्यास 48 ते 72 तासांनी दुसरी मात्रा देतात. त्यानंतर दूध व मांस किती दिवस वापरायचे नाही, ते विचारून गोठ्यातल्या वहीत लिही. व्रण असलेल्या डोळ्यात स्टिरॉइड असलेले थेंब कोणाच्याही सल्ल्याने घालू नकोस, आणि कसलीही पूड फुंकू नकोस. आधीच सोललेल्या पटलावर ती भुकटी काय करील, हे सांगायला नको. डोळ्यावर कापडी झापड चिकटवलीस तर खालची कड मोकळी ठेव, म्हणजे स्राव साचणार नाही.

एक चूक मी स्वतः केलेली आहे. उमेदवारीच्या काळात एकाच फडक्याने मी ओळीने डोळे पुसत गेलो, आजाऱ्यांचे आधी आणि संशयितांचे नंतर. आठवड्याभरात ते संशयित खरोखरच आजारी पडले, आणि माश्यांचे काम त्या दिवशी मीच केले हे मला बऱ्याच उशिरा उमगले. तेव्हा प्रत्येक जनावरामागे हातमोजे बदल, आणि सर्वांत वाईट डोळा सर्वांत शेवटी हाताळ.

माश्यांच्या पायांवर हा जिवाणू काही दिवस तग धरतो. चेहऱ्यावर बसणारी माशी ताज्या शेणाच्या पोवर अंडी घालते, म्हणून गोठ्याजवळचे शेण रोज उचल आणि कुरणातले पो फोडून पसर, म्हणजे ते लवकर वाळतील. कीटकनाशकाचे कानबिल्ले लावायचे असतील तर माश्या वाढू लागताच गाय आणि वासरू दोघांनाही लाव, हंगाम संपला की काढून टाक, आणि पुढल्या वर्षी रसायनाचा गट बदल. तुऱ्यावर आलेले उंच गवत चरण्याआधी कापून घे. डोळ्याला ओरखडा पडला की जिवाणूला वाट मिळते. कडक ऊन आणि धूळही तेच करतात, म्हणून सावली हवीच. नवे जनावर आणलेस तर काही आठवडे वेगळे ठेव, कारण दिसायला निरोगी जनावरही डोळ्यांत आणि नाकात हा जिवाणू बाळगून असते.

लसीबद्दल विचारले आहेस. जिवाणूचे प्रकार अनेक असल्यामुळे तिचा गुण सारखा येत नाही. जिथे मिळते तिथे माश्यांच्या हंगामापूर्वी काही आठवडे द्यावी, पण तिच्या भरवशावर शेण उचलणे थांबवू नये.

आता तुझ्या त्या फूल पडलेल्या वासराविषयी. त्याच्या पटलाचा मध्य पुढे फुगून आलेला दिसत असेल तर आजच पशुवैद्याला दाखव. तिसरी पापणी तात्पुरती शिवून डोळा वाचवता येतो. तसे नसेल आणि गालही कोरडा असेल, तर सावलीत आईजवळ राहू दे, आणि जवळ जाताना त्याच्या दिसत्या बाजूने जा. उरलेल्या दोघांचे गाल उद्या सकाळी ओले आहेत की कोरडे, तेवढे मला कळव.

तुझा हितचिंतक